अकरा महिन्यांचा पत्ता

‘फॅमिली की बॅचलर?’

पुण्यात भाड्याचं घर शोधायला तुम्ही एकदा जरी फोन केला असेल, तर हा पहिला प्रश्न तुमच्याही वाट्याला आला असणार. बजेट नंतर, नाव त्याच्याही नंतर. ‘बॅचलर’ म्हटलं की पलीकडे दोन सेकंद शांतता. मग ‘मुलं की मुली?’, ‘किती जणी?’, ‘जॉब की स्टुडंट?’, ‘नॉनव्हेज करता का?’, ‘मित्र वगैरे येणार नाहीत ना?’ आणि मग अगदी सहज विचारल्यासारखं, ‘आडनाव काय म्हणालात?’ कॉलेजच्या ॲडमिशनलाही मला कुणी इतकं विचारलं नव्हतं.

मी बार्शीची. चार वर्षांपूर्वी शिकायला पुण्यात आले. या चार वर्षांत नारायण पेठ, डेक्कन, कर्वेनगर, वारजे आणि आता डहाणूकर कॉलनी असे माझे पाच पत्ते झाले. बँकेकडे अजून वारज्याचा पत्ता आहे, शॉपिंगच्या ॲपवरून कर्वेनगरचा डिलीट करायचा राहिलाय (एकदा माझा ड्रेस तिकडेच गेला, तो परत आलाच नाही), आणि मतदार यादीत मी बार्शीतच आहे. परवा ऑफिसच्या मीटिंगमध्ये ‘भाड्याने राहणाऱ्यांवर कोण लिहील?’ असं विचारलं तेव्हा मी लगेच हात वर केला. कारण आमचं ॲग्रीमेंट पुढच्या महिन्याच्या ३० तारखेला संपतंय आणि मालक काका अजून ‘हो’ही म्हणालेले नाहीत आणि ‘नाही’ही. तसंही रोज रात्री झोपताना मी याच विषयाचा अभ्यास करत होते.

तुम्ही भाड्याने राहत असाल तर हे वेळापत्रक तुम्हाला पाठ असेल. पहिले दोन महिने सामान लावण्यात जातात. मग चार-पाच महिने बरे. आठव्या महिन्यात कुणीतरी रूममेट विचारते, ‘काका काही बोलले का गं?’ नवव्या महिन्यात नळ गळायला लागला तरी आपण सांगत नाही, कारण नेमकं याच वेळी कटकट करणारी भाडेकरू ठरायचं नसतं. दहाव्या महिन्यात मालक जिन्यात भेटले की आपण जरा जास्तच हसतो. आमच्या बाथरूमचा गिझर गेले पाच आठवडे बंद आहे. आम्ही तिघी गॅसवर पाणी तापवतो. सांगणार आहोत, पण रिन्यूअल झाल्यावर.

भिंतीला खिळा मारायचा नाही ही अट तर सगळीकडेच. म्हणून आमचं कालनिर्णय फ्रिजच्या हँडलला टांगलंय. माळ्यावर मागच्या शिफ्टिंगचे आठ खोके घड्या घालून ठेवलेत. आई आली होती तेव्हा म्हणाली, ‘अगं, रद्दीत घाल की ते.’ मी म्हटलं, ‘लागतील.’

खोली नाही, खाट

बाहेरगावच्या मंडळींना ‘कॉट बेसिस’ हा शब्द समजावून सांगावा लागतो. पेठेत तुम्हाला खोली भाड्याने मिळत नाही, खाट मिळते. एक लोखंडी खाट, गादी असली तर असली, भिंतीतल्या कपाटातला एक कप्पा आणि चार जणांत मिळून दोन चार्जिंग पॉइंट. नारायण पेठेत माझं पहिलं वर्ष असंच गेलं. सदाशिव, शनिवार, नारायण पेठांमध्ये स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी हजारो मुलंमुली अशीच राहतात. दिवसा अभ्यासिका, दोन वेळा मेस, रात्री खाट. या व्यवस्थेवर अख्ख्या पेठा चालतात, पण तिचा कागद मात्र क्वचितच कुठे असतो.

सदाशिव पेठेत मला एक जण भेटला. नांदेड जिल्ह्यातला, वय २६, चार वर्षं एमपीएससी करतोय. नाव छापू नका म्हणाला, घरी कळलं तर वडील परत बोलावतील. जुन्या वाड्यातल्या एका खोलीत पाच खाटा, त्यातली एक त्याची. महिना साडेतीन हजार रोख. मालक एका वहीत नाव आणि तारीख लिहायचे, झाली पावती. पूर्वपरीक्षेला तीन आठवडे असताना एका सकाळी मालकांनी सांगितलं, वाडा रिडेव्हलपमेंटला गेलाय, आठ दिवसांत खाली करा.

‘मग काय केलंस?’

‘काय करणार? परीक्षेच्या तोंडावर सगळ्या खोल्या फुल असतात. बॅग मेसवाल्या काकूंकडे ठेवली. बारा दिवस अभ्यासिकेत काढले. ती चोवीस तास चालू असते ना. रात्री खुर्चीवरच झोपायचो, पहाटे मित्राच्या रूमवर अंघोळ.’

‘डिपॉझिट?’

‘दोन हजार होतं. मागितलं नाही. उलट पुढची खोली त्यांच्याच ओळखीने मिळेल असं वाटत होतं.’

तो पूर्व नापास झाला. खोलीमुळे नापास झालो असं तो म्हणाला नाही, मीही लिहिणार नाही. पण परीक्षेच्या दिवशी त्याची मान धरली होती, एवढं त्याने सांगितलं.

त्याच्या अभ्यासिकेतली एक सीनियर ताई लॉकडाऊनची आठवण सांगत होती. मार्च २०२० मध्ये ती आठ दिवसांचे कपडे घेऊन गावी गेली आणि तिकडेच अडकली. पुस्तकं, गादी, कुकर सगळं पुण्यात. राज्याच्या गृहनिर्माण विभागाने १७ एप्रिल २०२० रोजी घरमालकांना सूचना केली होती की भाडेवसुली किमान तीन महिने लांबणीवर टाका आणि भाडं थकलं म्हणून कुणाला बाहेर काढू नका. ताईला हे मी सांगितलं तेव्हा पहिल्यांदा कळलं. तिने तेव्हा चार महिन्यांचं भाडं गुगल पे केलं होतं. एकही दिवस त्या खाटेवर न झोपता.

‘आडनाव काय म्हणालात?’

माझं आडनाव ऐकून ब्रोकरचा आवाज बदलत नाही. हे माझ्या बाबतीत घडत नाही म्हणून कित्येक दिवस मला ते दिसलंच नव्हतं. दिसलं ते कॉलेजातल्या एका मैत्रिणीबरोबर घर बघायला फिरले तेव्हा. ती सोलापूरची, मुस्लिम, खराडीतल्या एका आयटी कंपनीत नोकरीला. पगार माझ्या स्टायपेंडच्या सहा पट. मराठी माझ्यापेक्षा चांगलं. तिला मी ‘फोनवर मी बोलते’ म्हटलं, तर ती म्हणाली, ‘त्याने काय होणार? कागद करताना आधार द्यावंच लागतं.’

त्या शनिवार-रविवारी आम्ही सहा घरं बघितली. दोन ठिकाणी घर दाखवून झाल्यावर नाव विचारलं आणि संध्याकाळी मेसेज आला, ‘फ्लॅट आत्ताच गेला.’ त्यातला एक फ्लॅट पुढचे तीन आठवडे त्याच ॲपवर होता, आम्ही रोज बघायचो. एका मालकीणबाईंनी तर प्रामाणिकपणे सांगितलं, ‘मला काही नाही गं, पण सोसायटीचं चालत नाही.’ ती शांतपणे म्हणाली, ‘मी आता हिशेब करते. नाव आधी सांगितलं तर माझं पेट्रोल वाचतं. नंतर सांगितलं तर निदान घर बघायला मिळतं.’

‘सोसायटीचं चालत नाही’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. बॅचलर असाल तर नक्कीच. म्हणून मी सहकारी सोसायट्यांचे आदर्श उपविधी काढून बघितले. सभासदाने स्वतःचा फ्लॅट लीव्ह अँड लायसन्सवर दिला तर त्याने सोसायटीला कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेससुद्धा सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत. म्हणजे ‘सोसायटी’ नावाच्या बागुलबुवाला वाटतो तेवढा अधिकार नाही. पण मालकालाच द्यायचं नसेल तर पुढे काय, याचं उत्तर उपविधीत नाही. राज्यघटनेतला भेदभावाविरुद्धचा १५ वा अनुच्छेद मुख्यतः सरकारला बांधतो, घर भाड्याने देणाऱ्या काकूंना नाही. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात तर सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एकाच समाजापुरतं ठेवण्याचा नियम मान्य केला होता. माझ्या मैत्रिणीला अखेर घर मिळालं, ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या मावशीचं. ओळखीने. बाजारभावापेक्षा दोन हजार जास्त देऊन.

आणि हे सगळं चालू असताना वर बघितलं की वाकड, हिंजवडीच्या टॉवरमध्ये रात्री कित्येक मजले काळोखात असतात. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात १ कोटी १० लाखांच्या आसपास घरं रिकामी आढळली होती. कुणीच राहत नाही अशी. घरांची टंचाई असा शब्द मी लेखात वापरणार होते, मग खोडला.

‘ताई, शाळा तीच ठेवायची होती’

भाड्याने राहणं म्हटलं की आपल्याला आपल्यासारखेच लोक आठवतात, लॅपटॉपवाले. आमच्या बिल्डिंगमध्ये सहा घरी काम करणाऱ्या मावशी जनता वसाहतीत राहतात. दहा बाय दहाची खोली, पाच हजार भाडं, दहा हजार डिपॉझिट. दोन वर्षांत तीन खोल्या बदलल्या. एकदा मालकिणीच्या भावाचं लग्न झालं, त्याला खोली हवी होती. एकदा भाडं एकदम हजाराने वाढवलं. तिसऱ्या वेळी कारण सांगितलंच नाही.

प्रत्येक वेळी मावशींनी वसाहतीतच दुसरी खोली शोधली. धनकवडीच्या पलीकडे स्वस्त मिळत होती, तरी गेल्या नाहीत. ‘पोरगी सातवीत आहे. शाळा तीच ठेवायची होती. तिच्या मैत्रिणी तिथंयत.’ रेशन कार्डावर अजून पहिल्या खोलीचा पत्ता आहे. तिथल्या नव्या बिऱ्हाडाला मावशींनी सांगून ठेवलंय, माझं काही टपाल आलं तर फेकू नका.

ॲग्रीमेंट आहे का, असं मी विचारलं. त्या हसल्या. माझा प्रश्न खूपच कोथरूडचा होता.

तुम्ही भाडेकरू नाहीच

आता कागदाकडे येऊ. आमच्या ॲग्रीमेंटची पीडीएफ मी पहिल्यांदा नीट वाचली ती या लेखाच्या निमित्ताने. सही करताना (खरं तर अंगठा देताना, कारण बायोमेट्रिक असतं) आपण भाड्याचा आकडा आणि नावाचं स्पेलिंग बघतो, बस्स. आपण बोलताना त्याला ‘रेंट ॲग्रीमेंट’ म्हणतो. कागदावर लिहिलेलं असतं ‘लीव्ह अँड लायसन्स’. मालक ‘लायसेन्सर’ आणि तुम्ही ‘लायसेन्सी’. १८८२ च्या इंडियन ईझमेंट्स ॲक्टमधली ही कल्पना आहे: दुसऱ्याच्या जागेत ठरावीक काळ काहीतरी करण्याची परवानगी. जागेत तुमचा कसलाही हक्क निर्माण होत नाही. तेव्हा कायद्याच्या भाषेत तुम्ही आणि मी बहुतेक वेळा ‘भाडेकरू’ नसतोच. आपल्याला राहू दिलेलं असतं.

असं का झालं याला इतिहास आहे, आणि तो मालकांच्या बाजूनेही ऐकायला हवा. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुनी भाडी १९४० च्या आसपासच्या पातळीला गोठवली. वाड्यात, चाळीत राहणाऱ्यांना मोठं संरक्षण मिळालं, पण मालकाला दुरुस्तीपुरतेही पैसे सुटेनात. त्यातून पळवाट म्हणून लोक ‘लायसन्स’वर जागा देऊ लागले. १९७३ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर राहत असलेल्यांनाही भाडेकरूंचं संरक्षण मिळालं. ‘भाडेकरू घर बळकावतात’ ही भीती मालकांच्या मनात तिथून पक्की बसली. मग आला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम २४ नुसार लायसन्सची मुदत संपली की मालक जागा परत मागू शकतो, आणि तुम्ही तरीही राहिलात तर भरपाई म्हणून दुप्पट भाडं द्यावं लागतं. मालकांची भीती अजून १९७३ मधलीच आहे, कायदा मात्र कधीच त्यांच्या बाजूला आलाय.

मग अकरा महिनेच का? १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. ती कटकट नको म्हणून देशभर अकरा महिन्यांची सवय लागली. गंमत अशी की महाराष्ट्रात या सवयीने काहीच वाचत नाही. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे इथे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. लीव्ह अँड लायसन्स अगदी ६० महिन्यांपर्यंतचं करता येतं आणि मुद्रांक शुल्काचा दर तोच राहतो, ०.२५ टक्के. दोन किंवा तीन वर्षांचं ॲग्रीमेंट करायला कायद्याने कुणालाही अडवलेलं नाही. दर अकरा महिन्यांनी आपला जीव टांगणीला लागतो तो निव्वळ रिवाजामुळे. आणि दर अकरा महिन्यांनी भाडं वाढतं, ब्रोकर ‘रिन्यूअल चार्जेस’ मागतो, त्यामुळे हा रिवाज मोडण्याची घाई आपल्याशिवाय कुणालाच नाही.

कलम ५५ मधली एक ओळ मात्र पाठ करून ठेवा. नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर कुठल्या अटींवर जागा दिली होती याबाबत तुमचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने त्याउलट सिद्ध करेपर्यंत. नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘स्टॅम्प पेपरवर नोटरी करून देतो, कशाला खर्च?’ असं कुणी म्हणालं तर लक्षात ठेवा, नोटरी म्हणजे नोंदणी नाही. आणि खर्च तरी किती? आमचं भाडं २२ हजार, डिपॉझिट ६० हजार. अकरा महिन्यांचं भाडं २ लाख ४२ हजार, त्यात डिपॉझिटवरचं १० टक्के दराने धरलेलं व्याज, या सगळ्याच्या पाव टक्का. साधारण सव्वासहाशे रुपये. शहरात नोंदणी फी एक हजार. एजंट घरी मशीन घेऊन आला तर त्याचे वेगळे.

साठ हजारांतले साडेनऊ

आता जे लिहायचं मी टाळत होते ते. वारज्याच्या फ्लॅटलाही आमचं डिपॉझिट साठ हजारच होतं, तिघींचे वीस-वीस. माझे वीस हजार आईने दिले. तिची भिशी लागली होती. त्या पैशांत तिला शिलाई मशीनची मोटर आणि दिवाळीचं बघायचं होतं. ‘डिपॉझिट काय, परतच मिळणार आहे,’ असं मीच तिला समजावलं होतं.

घर सोडलं त्या दिवशी मालक सगळ्या खोल्यांतून फिरले. पेंटिंग, किचनच्या टाइल्स, सोफ्यावरचा डाग, ‘डीप क्लीनिंग’. एका कागदावर आकडे लिहिले आणि बेरीज केली: साडेएकतीस हजार. सोफ्यावरचा डाग आम्ही आलो तेव्हापासूनचा होता. पण आम्ही राहायला आलो त्या दिवशीचा एकही फोटो आमच्याकडे नव्हता. होते ते पहिल्या रात्री जमिनीवर बसून पिझ्झा खातानाचे सेल्फी. त्यातल्या एका सेल्फीत मागे सोफा दिसतो, पण त्यावर चादर पसरलेली आहे. तो फोटो आम्ही किती वेळा झूम केला असेल!

करारात लिहिलं होतं, ‘नुकसान वजा करून अनामत परत केली जाईल’. नुकसान कशाला म्हणायचं, वर्षभर माणसं राहिल्यावर होणारी साधी झीज कोणती, हे लिहिलेलं नव्हतं. वकिलाची नोटीस पाठवू म्हणून एका रूममेटने चौकशी केली, पण आमच्यातली एक हैदराबादला चालली होती, दुसरीची सेमिस्टर परीक्षा होती. मालकांना हे माहीत होतं असं मी म्हणणार नाही. आमच्यासारख्या मुली भांडत बसत नाहीत एवढं मात्र त्यांना नक्की माहीत असावं. उरलेले साडेअठ्ठावीस हजार तिघींत वाटले. माझ्या हातात साडेनऊ आले.

आईला मी सांगितलं, पैसे नव्या घराच्या डिपॉझिटला वळवले. नव्या घराचे वीस हजार मी मैत्रिणीकडून आणि स्टायपेंडमधून उभे केले होते, अजून चार हजार फेडायचेत. आमच्याकडे बार्शीत हा पेपर येतो, त्यामुळे आईला हे आज कळेल. आई, रात्री फोन करते.

डिपॉझिट किती घ्यावं याला आपल्याकडे ठोस मर्यादा नाही. पुण्यात दोन-तीन महिन्यांचं भाडं, मुंबईत त्याहून जास्त, शिवाय तिथे ‘हेवी डिपॉझिट’चा वेगळा प्रकार. बंगळूरमध्ये दहा महिन्यांचं डिपॉझिट हा कित्येक वर्षं रिवाज होता. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरू कायद्याला मंजुरी दिली. त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवलीय. पण तो नावाप्रमाणे आदर्श आहे: राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही.

मालकांपैकी एका काकूंशीही बोलले. कोथरूडला राहतात, शाळेत शिक्षिका होत्या, विनाअनुदानित त्यामुळे पेन्शन नाही. वरचा वन बीएचके भाड्याने देतात, त्यावर औषधं आणि घर चालतं. मागचे भाडेकरू चार महिन्यांचं लाइट बिल थकवून एका रात्रीत गेले. ‘मला सांग, मी कुठे जायचं मग?’ त्यांनी विचारलं. त्यांचं म्हणणं खोटं नाही. त्यांनीही करार नोंदवलेला नव्हता. त्यांच्याकडेही फोटो नव्हते.

तेव्हा ऐका, मी जे केलं नाही ते तुम्ही करा. चावी हातात आल्यावर सामान आत न्यायच्या आधी मोबाइलवर प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, नळ सोडून, दिवे लावून, कपाटं उघडून. लाइट मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा. तो व्हिडिओ त्याच दिवशी मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवा, गोड शब्दांत: ‘काका, घर मिळालं, आभारी आहोत, हे आत्ताचं घर.’ तारखेसकट नोंद राहते आणि कुणाला रागही येत नाही. भाडं ऑनलाइन द्या आणि नोटमध्ये महिना लिहा. घर बघितल्याशिवाय टोकन टाकू नका, फोटो कितीही छान असोत. समोरचा माणूस खरंच मालक आहे का, हे लाइट बिल किंवा इंडेक्स टूवरून बघा. लॉक-इन आणि नोटीसच्या ओळी वाचा: नोटीस तुम्हाला एक महिन्याची आणि मालकाला पंधरा दिवसांची, असं असेल तर तिथेच बदलून मागा. पेंटिंगचे पैसे कापणार असतील तर किती, हे आधीच लिहून घ्या. आणि एकदा तरी विचारून बघा, ‘काका, अकराऐवजी तेवीस महिन्यांचं करूया का?’ नाही म्हणाले तर नाही. माझ्या एका सीनियरने विचारलं, तर तिचे मालक म्हणाले, ‘असं करता येतं होय?’ आणि केलं.

खाटेवर राहत असाल तर हे सगळं तुम्हाला लांबचं वाटेल, माहितीय. तरी भाडं रोख न देता ऑनलाइन द्या. त्या नांदेडच्या मुलाकडे चार वर्षांच्या भाड्याचा एकही पुरावा नव्हता. आता तो नव्या खोलीत आहे, शनिवार पेठेत, चार खाटा. भाडं यूपीआयने देतो. मालक आधी कुरकुरले, मग क्यूआर कोड चिकटवला.

काल रात्री हा लेख अर्धा लिहून झाला होता तेव्हा मालक काकांचा मेसेज आला. ‘रविवारी घरी आहात का? जरा बोलायचं होतं.’ आम्ही तिघींनी तो मेसेज पंधरा-वीस वेळा वाचला. ‘जरा’ म्हणजे भाडं वाढवणार, असं एकीचं म्हणणं. दुसरी म्हणते, मुलगा अमेरिकेतून परत येणार असेल. मी तेवीस महिन्यांचं विचारायचं ठरवलंय. चहा करायचा की नको, यावर अजून एकमत झालेलं नाही. गिझरचं तेव्हा काढायचं नाही, एवढं मात्र ठरलंय.